जुळे सोलापूरचा फ्लॅट विकून मुलीकडं पोर्तोला कायमचं जावं का? माझं सविस्तर उत्तर

साहेब, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. थोडक्यात असं की तुम्ही ६१, वहिनी ५८, सूतगिरणीच्या ऑफिसातनं रिटायर झालात, जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट, मोहोळ तालुक्यात तीन एकर, सीनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाख, बँकेत एफडी ५० लाख, पीएफची पेन्शन महिना तीन हजाराच्या आसपास, एकुलती एक मुलगी पोर्तुगालमध्ये पोर्तोला नोकरीला, आणि वहिनींना शुगर आणि गुडघ्यांचा त्रास. आणि विचारताय की फ्लॅट विकून पोर्तुगालचा डी-७ व्हिसा टाकावा, की थायलंड स्वस्त पडतं म्हणतात तर तिकडं जावं, आणि पैसे पुरतील का.

मी २६ वर्षं सोलापुरात टॅक्सचं काम करतोय, त्यातली पंधराएक वर्षं बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरनं परत येणाऱ्या लोकांचीच कामं जास्त. आधी पोरं जातात, मग चार-सहा वर्षांनी त्यांचे आईवडील माझ्यासमोर फाईल घेऊन बसतात. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो आणि कारणं नंतर सांगतो. जा, जरूर जा, पण फ्लॅट आत्ता विकू नका, आणि "कायमचं" हा शब्द निदान तीन वर्षं तरी तोंडातनं काढू नका.

आता खरा प्रश्न. तुम्ही देश विचारला, व्हिसा विचारला, खर्च विचारला, आणि हे सगळं "आम्ही दोघं" धरून विचारलंय. सगळे असंच विचारतात. पण परदेशात रिटायर होणाऱ्या जोडप्याचा हिशोब दोघांचा मांडून चालत नाही, मागं जो एक उरणार त्याचा मांडायचा असतो. ६१ ते ६८ ही वर्षं कुठंही मजेत जातात हो, पोर्तोला जातील, पट्टायाला जातील, विजापूर रोडला पण जातील. प्रश्न ७५ नंतरचा आहे, एकट्याचा आहे, आणि राग मानू नका, पण बायकोचा आहे. कारण बहुतेक घरांत बँक, व्हिसा, इन्शुरन्स, पासवर्ड सगळं नवऱ्याकडं असतं. तुमच्या एवढ्या लांबलचक लिहिण्यात वहिनींना काय वाटतं याचं एक वाक्य नाही, ते मला सगळ्यात आधी खटकलं.

एक केस सांगतो, ओळख पटणार नाही इतपतच. साखर पेठेतलं एक शिक्षक जोडपं, मुलगा अमेरिकन सिटिझन झाला म्हणून आईवडिलांचं ग्रीन कार्ड झालं, घर विकून गेले. मी तेव्हा विकू नका म्हणालो होतो पण सरांना वाटलं मुलाच्या घराला पैसे द्यावेत, आणि बाप म्हणून ते मला समजतं. पहिली दोन वर्षं फोटोच फोटो. चौथ्या वर्षी सर गेले, हार्टनं. बाई एकट्या, गाडी चालवता येत नाही, आणि तिथल्या उपनगरात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर. परत यायचं म्हणाल्या तर घर नाही. आता भावाकडं अक्कलकोटला असतात, वर्षातनं एकदा तिकडं जाऊन येतात कार्ड टिकवायला, आणि त्या कार्डाचं पण असं आहे की वर्षभर बाहेर राहिलं की ते धोक्यात येतं. यात कोणाची चूक काढता येत नाही. मुलगा चांगला, सून चांगली, पैसा होता. फक्त परत यायला स्वतःचा एक दरवाजा ठेवला नव्हता.

दुसऱ्या बाजूची केस पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस नुसताच घाबरवतो. रेल्वेतनं रिटायर झालेले एक गृहस्थ, बायको आधीच गेलेली, २०१७ पासनं थायलंडमध्ये चियांग माईला राहतात. एकदम खुश. थाई शिकले, स्कूटर चालवतात, भाजीवाली त्यांना नावानं ओळखते. पण त्यांचं गणित बघा. पेन्शनला महागाई भत्ता लागतो म्हणजे उत्पन्न दर सहा महिन्याला थोडं वर सरकतं, रेल्वेचं मेडिकल कार्ड भारतात चालू आहे, इथलं घर भाड्यानं न देता बहिणीच्या ताब्यात ठेवलंय, आणि दर जानेवारीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला माणूस सोलापुरात हजर. मुख्य म्हणजे ते आधीच एकटे होते, एकट्यानं राहायचा निर्णय त्यांनी सोलापुरातच करून टाकला होता, थायलंडला नंतर गेले.

आता तुमचे पैसे. सीनियर सिटिझन स्कीम ८.२ टक्क्यानं ३० लाखावर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे तीन महिन्याला ६१,५००. एफडी ७ टक्के धरली तर साडेतीन लाख. पेन्शन मिळवून महिन्याला ५२-५३ हजार पडतात. सोलापुरात यात तुम्ही राजासारखे राहता. आता डी-७ चं बघा. हा व्हिसा पेन्शन, भाडं, व्याज असं बसल्या जागी उत्पन्न असणाऱ्यांसाठी आहे, आणि निदान पोर्तुगालच्या किमान वेतनाइतकं उत्पन्न दाखवावं लागतं. ते २०२५ ला महिना ८७० युरो होतं, २०२६ ला ९२० झालं. बायकोसाठी त्याच्या निम्मे अजून. म्हणजे दोघांचे १,३८० युरो, आणि युरो शंभराच्या वर गेलाय, म्हणजे १ लाख ४० हजाराच्या पुढं. तुमचे ५३ हजार. फ्लॅट विकून अजून ५० लाख एफडीला टाकले तरी तीसेक हजार वाढतील, तरी आकडा गाठत नाही. वर तिथं घरभाड्याचा करार आणि बँकेत रक्कम दाखवावी लागते ते वेगळंच. म्हणजे फ्लॅट विकूनही डी-७ कागदावर बसत नाही, आणि जे बसतच नाही त्यासाठी घर विकायचं हा सौदा मला तरी कळत नाही.

यातली अजून एक गोष्ट, आपण कमावतो आणि साठवतो रुपयात. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ च्या आसपास होता, २०२२ ला ८० पार, २०२५ च्या डिसेंबरला ९० पार. एफडीचं व्याज आहे तेवढंच, आणि रुपया असा घसरतोय. ज्यांचा खर्च सोलापुरात त्यांना हे पेट्रोलच्या भावातनं थोडंफार जाणवतं, ज्यांचा खर्च युरोत त्यांची दरवर्षी न सांगता पगारकपात होते. तिथली महागाई वेगळी परत. भारताच्या फिक्स व्याजावर बाहेर वीस-पंचवीस वर्षं काढायची हिंमत मी स्वतः करणार नाही, आणि आकडे बघायचाच माझा धंदा आहे.

थायलंडबद्दल पटकन सांगतो. ५० वर्षांपुढच्यांना रिटायरमेंटवर राहता येतं, त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाट, म्हणजे बावीसेक लाख रुपये, नाहीतर महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवायचं. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची, जमीन नावावर होत नाही, फ्लॅट घेता येतो तोही एका बिल्डिंगमध्ये परदेशी लोकांचा ४९ टक्क्यांचा कोटा असेपर्यंत. २०२४ पासनं वर्षात १८० दिवस राहणाऱ्यानं बाहेरनं आणलेल्या उत्पन्नावर टॅक्सही लागू शकतो. स्वस्त आहे हे खरं, लोक चांगले हेही खरं. पण तुमचं कोण आहे तिथं? मुलगी पोर्तोला आणि तुम्ही बँकॉकला, मग सोलापूर काय वाईट होतं. हा पर्याय तुमचा नाहीच, व्हिडिओ बघून डोक्यात आलाय.

टॅक्सवर जरा थांबतो, कारण इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. आज तुम्ही भारतात रेसिडेंट आहात. टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये रेसिडेंटला १२ लाखापर्यंत उत्पन्नावर रिबेट मिळून टॅक्स शून्य होतो. बँकेत तुम्ही "मला टॅक्स बसत नाही" असा फॉर्म, ज्याला सगळे १५एच म्हणतात, तो देता म्हणून टीडीएस पण कापत नाहीत. एनआरआय झालात की रिबेट गेला आणि १५एच पण गेला, साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं रुपयातलं खातं, करावं लागतं, आणि एनआरओच्या एफडी व्याजावर बँक पहिल्या रुपयापासनं ३१.२ टक्के कापते. समजा सगळे ८० लाख एफडीत आहेत आणि सगळं तुमच्या एकट्याच्या नावावर. व्याज ५ लाख ६० हजार. खरा टॅक्स येतो ८,३२० रुपये. कापून जातात १ लाख ७४ हजार ७२०. बाकीचे रिटर्न भरून परत मिळतात, पण तोपर्यंत तिकडं घरभाडं कशातनं देणार? दोन देशांतल्या टॅक्स करारानं हे कापणं कमी होतं, पण त्यासाठी त्या देशाचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट लागतं आणि ते पहिल्या वर्षी वेळेवर हातात आलेलं मी क्वचितच बघितलंय.

सीनियर सिटिझन स्कीम एनआरआयला नव्यानं उघडता येत नाही, पीपीएफ मुदत संपली की वाढवता येत नाही. फ्लॅट भाड्यानं दिलात तर भाडेकरूनं तुमच्या भाड्यातनं ३१.२ टक्के कापून सरकारला भरायचे, त्यासाठी टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, काढायचा असा नियम आहे. आता मला सांगा, आपल्याकडं नऊ हजार भाडं देणारा माणूस टॅन काढणार? तो हसेल आणि दुसरा फ्लॅट बघेल. विकतानाही तसंच, रेसिडेंट असताना ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का कापतो, एनआरआय झाल्यावर विकलं तर १२.५ टक्के आणि वर सेस, तोही बऱ्याचदा नफ्यावर न बघता पूर्ण किमतीवर कापतात, कमी कापायचं सर्टिफिकेट आधी काढलं नसेल तर. म्हणून ज्यांना विकायचंच आहे त्यांना मी सांगतो रेसिडेंट असताना विका. तुम्हाला मात्र विकूच नका म्हणतोय, हा फरक लक्षात घ्या.

पैसे बाहेर न्यायला रेसिडेंट माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे. पण एका आर्थिक वर्षात १० लाखाच्या पुढं पाठवलं की पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, घेते. फ्लॅटचे ५५ लाख आले आणि एकदम पाठवले तर ४५ लाखावर ९ लाख अडकले. रिटर्नमध्ये परत मिळतात, बुडत नाहीत, पण ज्या वर्षी तुम्हाला पैशाची सगळ्यात जास्त गरज त्याच वर्षी अडकतात.

मोहोळची तीन एकर हा वेगळाच विषय आहे. एनआरआय झालात तरी आधीची शेती तुमच्याकडं राहते, नवीन मात्र घेता येत नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच, त्यात महाराष्ट्रात शेतकरी असलेल्यालाच. कायद्याचं एवढं सोपं आहे. अवघड आहे ते बांधाचं. ई-पीक पाहणी शेतात उभं राहून मोबाईलवर करायची असते, ती पोर्तोहनं होत नाही. मालक दोन हंगाम दिसला नाही की बांध सरकतो, आणि चुलतभावाचा ट्रॅक्टर कुठनं वळतो ते कोणी फोनवर सांगत नाही. कुळाला द्यायची असेल तर लेखी, मुदतीचं, आणि दरवर्षी सातबारा स्वतः काढून बघायचा. आजकाल ऑनलाइन निघतो, पाच मिनिटाचं काम आहे.

आता माझी एक चूक सांगतो, फुकटात शिका. २०१६ च्या सुमारास एका क्लायंटचं सगळं केलं मी, खाती बदलली, पॅन, नॉमिनी, पॉवर ऑफ अॅटर्नी, फाईल अशी की बघत राहावी. फक्त मोबाईल नंबर विसरलो. ते गेले, इथलं सिम रिचार्ज केलं नाही, तीन महिने वापर नाही, बॅलन्स वीस रुपयाच्या खाली, सिम बंद. ओटीपी यायचं बंद झालं की बँक बंद, आधार बंद, इन्कम टॅक्सचं पोर्टल बंद, सगळंच बंद. नंबर चालू करायला माणूस स्वतः पाहिजे म्हणून ते ऐंशी हजाराचं तिकीट काढून आले. तेव्हापासनं माझ्या यादीत पहिली ओळ हीच असते, सिम चालू ठेवा, रोमिंग चालू ठेवा, आणि परदेशी नंबर चालत असेल तिथं तो पण जोडून ठेवा. वहिनींचा नंबर वेगळा आणि त्यांच्या खात्याला त्यांचाच नंबर, तुमचा नाही.

तब्येतीचं. पोर्तुगालमध्ये कायदेशीर रहिवासी झालात की सरकारी आरोग्यसेवेत नोंदणी होते, उपचार चांगले आहेत, पण फॅमिली डॉक्टर मिळायला आणि तज्ज्ञाचा नंबर लागायला बरेचदा महिनोन्महिने जातात म्हणून लोक खाजगी इन्शुरन्स काढतात, आणि साठीनंतर शुगर असलेल्याला तो महाग पडतो किंवा शुगरचंच वगळून मिळतो. आपल्याकडं वहिनी शिंक आली तरी ओळखीच्या डॉक्टरकडं रात्री नऊला जाऊ शकतात, ही सोय जगात फार कमी ठिकाणी आहे, आपल्याला तिची किंमत कळत नाही. म्हणून भारतातली मेडिक्लेम बंद करू नका, एकदा खंड पडला की जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड परत सुरू होतो आणि तो तीन वर्षांपर्यंत असतो. ७० पूर्ण झाल्यावर आयुष्मानचं ५ लाखाचं कार्ड मिळतं, तेही इथंच चालतं. जो उरेल त्याला परत यावं लागलं तर या दोन गोष्टी त्याच्या हातात पाहिजेत.

हवा. लोक युरोप म्हटलं की ऊन आणि बाल्कनी बघतात. पोर्तोचा हिवाळा म्हणजे पाऊस, ओल आणि थंड घरं. जुन्या घरांत गरम करायची व्यवस्था धड नसते, भिंतीला बुरशी येते. गुडघे दुखणाऱ्या बाईला डिसेंबरमध्ये तिथं कसं वाटतं हे जूनमध्ये जाऊन कळत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४३-४४ डिग्री असताना तिथली हवा सोन्यासारखी. म्हणजे निसर्गानंच तुम्हाला वेळापत्रक आखून दिलंय.

भाषेची एवढी धास्ती घेऊ नका. सोलापूरचा माणूस घरात कन्नड, गल्लीत तेलुगू, बाजारात मराठी आणि रिक्षात हिंदी बोलत मोठा होतो, त्याला चौथी-पाचवी भाषा येत नाही असं होत नाही. आणि पोर्तुगीज तर वहिनींना थोडी आत्ताच येते, बटाटा, पाव, चावी, अननस, पगार हे सगळे त्यांचेच शब्द आहेत, चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडं राहिलेले. हसू नका, एका क्लायंटच्या आईनं या शब्दांवरच पहिला महिना पोर्तुगालमध्ये काढला. पण भाषा आली म्हणजे माणसं मिळाली असं नाही. सकाळी सिद्धेश्वर तलावावर चक्कर मारताना चार जण "काय साहेब, दिसला नाय दोन दिवस" म्हणतात ना, ते तिथं कोणी म्हणणार नाही. निदान पहिली काही वर्षं तरी नाही. तुम्हाला ते चालेल कदाचित, वाचनात, चालण्यात रमाल. वहिनींचं भजनी मंडळ असेल, भिशी असेल, बहिणी असतील. ते तुम्हालाच माहीत.

अजून एक, जरा कडू. मुलगी पोर्तोत आहे म्हणून तुम्ही पोर्तुगाल म्हणताय. ती तिथं राहील का? तिशीतली नोकरी करणारी पोरगी, उद्या नेदरलँडला दीडपट पगार मिळाला तर जाईल, आणि जावंच. तुमचा राहण्याचा परवाना पोर्तुगालचा, तो तिच्या मागनं नेदरलँडला येत नाही. माझ्याकडची दोन जोडपी अशी आहेत जी मुलासाठी एका देशात गेली आणि मुलगा दुसऱ्याच देशात गेला. मुलीशी याबद्दल मोकळं बोला, पण तिच्याकडनं वचन मागू नका, तिच्या पायात बेडी होईल.

मग करायचं काय. मी तुमच्या जागी असतो तर व्हिजिटर म्हणूनच गेलो असतो. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. म्हणजे वर्षात दोन फेऱ्या, ९० आणि ९०. उरलेले १८५ दिवस भारतात, आणि १८२ दिवस झाले की तुम्ही इथले टॅक्स रेसिडेंट. रिबेट शाबूत, १५एच शाबूत, सीनियर सिटिझन स्कीम शाबूत, मेडिक्लेम शाबूत, आधीचं खातं तसंच. पोर्तुगालचा टॅक्स साधारण १८३ दिवसांवर लागतो, त्यातही तुम्ही नाही. व्हिसा पहिल्यांदा थोड्या दिवसांचा मिळेल, पण तीन वर्षांत असे दोन व्हिसा नीट वापरून वेळेत परत आलात तर भारतीयांना २०२४ पासनं पुढं दोन वर्षांचा आणि मग पाच वर्षांचा मल्टिपल एन्ट्री मिळायची सोय झालीय. फी ९० युरो, आणि ३० हजार युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. या इन्शुरन्समध्ये जुना आजार सहसा धरत नाहीत, वहिनींची शुगर लपवू नका, जादा पैसे भरून धरून घेता येतं का ते विचारा, आणि औषधं तीन महिन्यांची डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या.

दिवस मोजताना मात्र एक वही ठेवा. पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास सगळं. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि शेंगेनचे १८० दिवस सरकते, या दोन्ही मोजण्या वेगळ्या आहेत, लोक इथं गोंधळतात आणि ९२ व्या दिवशी एअरपोर्टवर उभे असतात.

बाकी देशांबद्दल पण लोक विचारतात म्हणून एका दमात सांगतो. इंग्लंडला रिटायरमेंटचा व्हिसा २००८ पासनं नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो पण निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स स्वतः घ्यायचा. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या स्वस्त व्हिसाची रांग काही दशकांची आहे, महागड्याला लाखो रुपये. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालं तरी मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायलाही पाच वर्षं सलग राहावं लागतं आणि वय ६५ पाहिजे, वर तुमच्या इथल्या म्युच्युअल फंडांचा तिथं किचकट टॅक्स.

कागदांचं आत्ताच सुरू करा, जाणं होवो न होवो. तुमच्या पिढीची निम्मी माणसं १ जूनला जन्मली आहेत, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली, आणि मग जन्मदाखला वेगळं सांगतो, पासपोर्ट वेगळं. लग्नाची नोंदणी बहुतेकांची झालेलीच नसते, पत्रिका आणि फोटो आहेत पण सर्टिफिकेट नाही. नाव एका कागदावर महादेव, दुसऱ्यावर महादेवराव, आधारवर आडनाव आधी. हे सुधारायला सहा महिने धरा. व्हिसाच्या वेळी करायला गेलात तर चौपट धावपळ.

मृत्युपत्र दोघांचं वेगवेगळं करा आणि रजिस्टर करा, सोलापुरात ते एका सकाळचं काम आहे. फ्लॅटवर दोघांचं नाव नसेल तर वहिनींचं चढवायचं बघा. सीनियर सिटिझन स्कीमला आणि प्रत्येक एफडीला नॉमिनी बघा, आणि एकदा वहिनींना बँकेत घेऊन जाऊन एक एफडी त्यांच्या हातानं रिन्यू करायला लावा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि दहातले नऊ करत नाहीत.

आता तुम्ही फक्त एक करा. आज रात्री जेवताना वहिनींना विचारा की मी नसताना तुला कुठं राहायला आवडेल, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा, मध्ये समजावू नका. त्या पोर्तो म्हणाल्या तर माझं वरचं अर्धं लिहिलेलं बाजूला ठेवून आपण डी-७ साठी उत्पन्न कसं उभं करायचं ते परत बसून बघू, मुलीच्या आधारानं काही होतं का तेही बघू. सोलापूर म्हणाल्या तर पहिली फेरी नोव्हेंबर ते जानेवारी अशी आखा, मुद्दाम थंडीतली, गुडघे काय म्हणतात ते कळू दे. यंदाचा गड्डा चुकेल, तेवढं सोसा. आणि सामान भरताना तूप, खवा, पेढे घेऊ नका, युरोपात दुधाचं बाहेरनं आणू देत नाहीत, एअरपोर्टवर काढून घेतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र पोरीसाठी भरपूर घ्या.